नव्या बोर्डावर कोण बसले आहे

सोमवार, ९ नोव्हेंबर १९६४

कोकिळा, पोरी, माफ कर. वही देताना तू बजावले होतेस की पोचल्या दिवसापासून रोज लिहा आणि भरली की पाठवा. इथे येऊन आठवडा होत आला आणि पहिली ओळ आज लिहितो आहे. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला आधी पेन्सिल सापडत नाही, पेन्सिल सापडली की चष्मा सापडत नाही. रागावू नको. या दिवसांत तू रागावणे बरे नाही.

काम चांगले आहे, बसून आहे. जन्मभर कापसाच्या बाजारात लिलाव पुकारला, तो आवाज इथे कामी आला. गावातले टेलिफोन जुन्या बोर्डावरून नव्या बोर्डावर न्यायचे आहेत. जुना बोर्ड पत्र्याच्या खोलीत आहे, लाकडी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा. कोणी आपल्या टेलिफोनची दांडी फिरवली की त्याच्या नंबराची पितळी झडप खाली पडते. नवा बोर्ड समोरच्या नव्या इमारतीत आहे. तिला अजून चुन्याचा वास येतो. लाइनमन बशीर एकेक तार तिकडे जोडतो. मी इकडून एक ते दहा पुकारतो, तो तिकडून तेच म्हणतो. नीट ऐकू आले की मी त्या नंबराची पाचर उपटतो. मग आपले बोलणे त्या तारेवर जात नाही. तिकडचे मात्र ऐकू येत राहते, कारण जुन्या तारा शेवटी एकदमच तोडायच्या आहेत.

आमचे साहेब हिंमतराव मोठे थट्टेखोर आहेत. पहिल्याच दिवशी म्हणाले, बाबाजी, तुमाले मशीन कायले पाह्यजे, खिडकीतून ओरडा, उंद्रीले असाच आवाज जाते. बशीर रोहिणखेडचा. मला मामू म्हणतो आणि स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकर पुढे करतो.

उंद्रीची तार, म्हणजे तुझ्या सासऱ्यांच्या तेलघाण्यावरची, सगळ्यांत शेवटी न्या अशी मी हिंमतरावांना विनंती केली आहे. तोवर तुझा आवाज तरी कानी पडेल. डॉक्टरांनी सांगितले आहे ते विसरू नको. दोन वेळा हातातोंडाशी आलेले गेले. आता बाळंत होईपर्यंत घराचा उंबरा ओलांडायचा नाही, मोटारीत तर बसायचेच नाही.

बुधवार, ११ नोव्हेंबर

आज तिकडून वेगळाच आवाज आला. बशीरचा नव्हे. रांजणात तोंड घालून बोलावे तसा. मी एक ते दहा पुकारले. तो म्हणाला, अजून बोला, लाइन साफ नाही. मला वाटले, अकोल्याहून कोणी मोठे साहेब तपासायला आले असतील. काय बोलू विचारले, तर म्हणाला, तुमचेच सांगा.

मग मी सांगत गेलो. साहेबाला नाही कसे म्हणायचे? माझे नाव शालिग्राम, लिलाव कसा पुकारायचो, तुझी आई शालूबाई कशी गेली, तुला कुठे दिले, तुझे दिवस कसे चालले आहेत, लहानपणी मी तुला कोकू म्हणायचो, सगळे. तो मधूनमधून माझाच शब्द पुन्हा म्हणून बघायचा. मला हसूही आले.

दुपारी चहाला बशीर आला, कपडे धुळीने भरलेले. तो सकाळपासून धामणगावच्या वाटेवर खांबावर होता. नव्या खोलीला कुलूप होते. म्हणाला, मामू, किल्ली त माह्याच खिशात हाय, कोन बसन तिथं?

गुरुवार, १२ नोव्हेंबर

तो आवाज आज माझा होता.

माझा खोकलासुद्धा, सात हा आकडा पुकारल्यावर मला जसा येतो तसा. हिंमतरावांना बोलावून ऐकवले. ते म्हणाले, रिकाम्या खोलीत आवाज घुमते बाबाजी, भेवू नोका. ते वळले आणि मी गप्प बसलो होतो, तरी तिकडे आकडे पुढे चालू राहिले. अकरा. बारा. लिलावात चढवतात तसे.

आता हे काम नको असे मी साहेबांना सांगितले. ते ऐकून घेतल्यासारखे हसले. मान हलवली नाही. कदाचित ऐकलेच नसेल.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

सकाळी आलो तर उंद्रीची पाचर उपटलेली. मी हिंमतरावांना विचारले, ते म्हणाले, काऊन थट्टा करता, आताच त नव्या बोर्डावरून तुमीच सांगितलं की पोरीची तार आधी आना. मी म्हणालो, मी त्या इमारतीत पाऊल ठेवलेले नाही. पण त्यांचे लक्ष माझ्या मागच्या भिंतीकडे होते.

दुपारी तुझी झडप पडली. मी फोन कानाला लावला.

तू बोलत होतीस, कोकिळा. आणि मी बोलत होतो, मी नसताना. तो म्हणाला, कोकू, मला फार बरे नाही, ये. तू म्हणालीस, बाबा, डॉक्टर नाही म्हणतात. तो म्हणाला, बापापेक्षा डॉक्टर मोठा झाला का? मी असे कधी म्हणेन का तुला? मी ओरडलो, येऊ नको. लिलावात ओरडायचो त्याहून मोठ्याने ओरडलो. तू फक्त म्हणालीस, रडू नका बाबा, सोमवारी पहिल्या मोटारीने येते, सरळ नव्या खोलीवर येते.

रडत होता तो मी होतो. तुला रडणे तेवढे ऐकू गेले का? की तेही त्याचेच?

शनिवार, १४ नोव्हेंबर

नव्या इमारतीच्या खिडकीशी गेलो. कुलूप. आत खुर्ची रिकामी. फरशीवर चुन्याची भुकटी, पावलाची खूण नाही. पण एकाची तार दुसऱ्याला जोडायच्या बोर्डावरच्या सगळ्या दोऱ्या भोकांत घातलेल्या, आणि त्यांतली एक माझ्यादेखत आपोआप—

स्टँडवर गेलो. कंडक्टरपुढे पैसे धरले. त्याने माझ्या मागच्या बाईला तिकीट दिले. पुन्हा धरले. उंद्री, उंद्री म्हणत राहिलो. मोटार गेली. पोस्टातल्या बाबूनेही मान वर केली नाही. चालत निघालो तर ओढ्यापाशी पाय थांबतात, पुढे पडतच नाहीत. जोडलेले नसल्यासारखे.

तारा जशा तिकडे गेल्या तसा मीही—

काय चुकले माझे? त्याने विचारले म्हणून सांगितले. तुझे नाव सांगायला नको होते, कोकू, तुझे नाव तरी—

रविवार, १५ नोव्हेंबर

बशीर आला. पिशवी खिळ्याला अडकवली. जुन्या तारा तोडतो आहे. त्याचा हात धरला. त्याने कोपर खाजवले, बस.

हिंमतराव दारातून म्हणाले, शालिग्रामबाबा नव्या खोलीत चांगलेच रमले. बशीर म्हणाला, हाव, पर आता मामू भाकर खात नाही माही.

दुपारी तो सायकलने उंद्रीला जाणार. तेलघाण्यावर फोन तपासायला. त्याच्या पिशवीत ही वही टाकतो. वही अजून हातात राहते. अक्षर पुसट येते आहे. जोर देतो तरी—

शेवटच्या तारा राहिल्यात. एकेक तुटते तसे मला—

कोकू, उद्या निघू नको. मोटारीत बसू नको. नव्या खोलीत जाऊ नको, कोणी बाबा म्हणून हाक मारली तरी नको. फोन करू नको. फोनवर मी नाही. बशीरजवळ चिठ्ठी दे, तुझ्या हातची. घरीच आहे, एवढेच लिही. मला वाचता येईल तोवर—

तो पिशवी काढतो आहे. चिठ्ठी पाठव पोरी, लवकर कळव, लवक—