डोक्याभोवतीचा बर्फ

ती. बाबा,
नमस्कार. मी धडधाकट आहे, फक्त डोकं तापलंय.

काल एका शिंपीकाकांची हृदयाजवळची मोठी रक्तवाहिनी बदलायची होती. त्यासाठी, ऑपरेशनमध्ये हृदय-फुफ्फुसांचं काम करणाऱ्या माझ्या मशीनने अंग अठरा अंशांपर्यंत गार करून काही मिनिटं रक्त थांबवावं लागतं. तेवढा वेळ मेंदू जपायला डोक्याभोवती बर्फही ठेवतो. ऑपरेशनआधी पाहते तर बर्फाची पेटी रिकामी! हॉस्पिटलच्या एका साहेबांच्या निरोपसमारंभात सरबतासाठी बर्फ नेला होता.

तळपायाची आग मस्तकात गेली. तडक हॉलमध्ये जाऊन बाटल्या बाजूला केल्या आणि बर्फाचं घमेलं उचललं.

व्यवस्थापक म्हणाले, "अहो बाई, पाहुण्यांसमोर शोभतं का हे?"

"काका उठलेच नाहीत, तर त्यांच्या बायकोसमोर काय शोभेल, ते सांगा," मी म्हटलं.

आज सकाळी काका शुद्धीवर आले. बायकोला पहिलं विचारलं, "तू जेवलीस का?" मी पडद्याआड जाऊन रडले.

तुम्हाला जिना चढताना धाप लागायची, ती कमी झाली का? खरं सांगा. आईला यातलं काही सांगू नका.

व्यवस्थापकांनी माफी लिहून द्यायला कोरा कागद दिलाय. तोच तुमच्या हातात आहे.

तुमच्यासारखीच तापट,
धाकटी