समोरच्या दारातले बूट

२ मार्च
सत्र सुरू. आन्डोंगमध्ये एवढं मोठं विद्यापीठ आणि आमच्या भाड्याच्या पाचही खोल्या रिकाम्या. जुन्या मुलांना फोन केले. सगळ्यांचं पाठ केल्यासारखं एकच उत्तर: "काका, यंदा लेक्चर्स ऑनलाइन. आम्ही घरीच." उल्सानचा उल्सानला, सोलची सोलला. घरबसल्या पदवी मिळते होय? समोरच्या खानावळवालीने, आमच्यासारख्याच खोल्या देणाऱ्या बोक-जाबाईने, पोरं फोडली असणार. तिची किमची, म्हणजे कोबीचं लोणचं, गोडसर असते. पोरांना तेच हवं.
संकल्प: चिडायचं नाही. पाळत ठेवायची.

५ मार्च
तिच्या दारात बुटांचे सात जोड! पुरावा मिळाला. बायकोला, मी-ओकला, सांगितलं. तिने संतापायला हवं होतं. म्हणाली, दुसऱ्यांचे बूट बघत बसण्यापेक्षा नळ दुरुस्त करा. हल्ली जरा जास्तच शांत असते.

९ मार्च
बोक-जाबाईला थेट विचारलं. म्हणाली, आधीच्या मुलांचे राहिलेले बूट आहेत, घर भरलेलं दिसावं म्हणून मांडते; तुमच्याकडे तरी आहे का कुणी? मी म्हणालो, फुल. हे खोटं नव्हे, धोरण.
संध्याकाळी आमच्याही दारात बूट मांडले.

१४ मार्च, दुपार
तीन नंबरच्या खोलीत पुरुषाचा आवाज. दार बंद, मी-ओक आत. मला न सांगता भाडेकरू ठेवलाय. कान लावला. तो म्हाताऱ्यांच्या देखभालीबद्दल अखंड बोलत होता. मी-ओक म्हणाली, "हो सर." मला लग्नापासून एकदाही "हो" म्हणाली नाही.

१५ मार्च
दार उघडलं. लॅपटॉप. सर त्यातच. मी-ओक देगूच्या विद्यापीठात समाजकार्य शिकते, दोन वर्षं झाली. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, "सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, थोतांड आहे."
आठवत नाही. पण विचार केला तर बरंच आहे. ऑनलाइनमुळे बायको घर सोडून कुठे जायची नाही. शिवाय घरात विद्यार्थी राहतात, हे आता खरं झालं.

२८ मार्च
मी-ओकचं प्रात्यक्षिक ऑनलाइन होत नाही म्हणे. जूनपर्यंत देगूच्या वृद्धाश्रमात काम. काल म्हटलं, बसने रोज ये-जा कर. म्हणाली, खोली घेतली आहे, जेवणासकट. तिथल्या मालकीणबाईंनी आधी फोन करून विचारलं, तुम्हाला जेवायला काय आवडतं? असं कुणी विचारून फार वर्षं झाली.
टोमणा कुणाला होता, कळलं नाही. आज सकाळच्या बसने गेली.

२९ मार्च
भात लावायला घेतला. पाणी किती, हे विचारायला फोन केला.
म्हणाली, एका आजोबांना भरवतेय, नंतर करते.