खांद्याची भिशी

भूमिका अक्का,

अनंतपुराहून धाकट्या नवीनचा वाकून नमस्कार. (कमरेतून वाकायला मला काही अडचण नाही.) आम्ही बाराही जण जेवूनखाऊन सुखी आहोत. तुझी खुशाली तुझ्याच पद्धतीने विचारतो. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही आणि दहा म्हणजे सोसवत नाही, तर तुझं सध्या किती चाललंय? मागच्या फोनवरून मला आठ वाटलं. जेवण वेळेवर करत जा. पाकिटावर तुझ्या नावाच्या आधी मी बोटभर जागा मुद्दाम मोकळी सोडली आहे. पोस्टमनला वाटेल लिहिणाऱ्याचा हात बसलेला नाही. ती जागा 'डॉ.'ची आहे. आत्ताच लिहिलं तर खोटं होईल, आणि उद्या लिहायची वेळ आली नि जागाच नसली तर पंचाईत, म्हणून.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी मेलं नाही. फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितोय. तुझा फोन आला की खोलीतले सगळे भोवती येऊन बसतात आणि आमचे मुकादम निंबाभाऊ म्हणतात, स्पीकरवर टाक रे, अक्का काय तुझ्या एकट्याची आहे का. मेसेज पाठवावा, तर माझ्या फोनची काच फुटल्यापासून मी आमच्यातल्या झिपरूचा फोन वापरतो, आणि झिपरू प्रत्येक मेसेज मोठ्याने वाचून दाखवतो, स्वतःच्या बायकोचासुद्धा. तेव्हा आठवीत शाळा सोडल्यानंतरचं हे माझं पहिलं लांबलचक लिखाण. ऱ्हस्वदीर्घ पोटात घाल.

तू धुळ्याच्या कॉलेजात खांद्यावर पीएचडी करतेस हे गावात अजून कोणाला नीट पटलेलं नाही. माझी आई, म्हणजे तुझी शेवंताआत्या, अजून विचारते की एवढी वर्षं शिकून पोरीने दवाखाना का टाकला नाही. मी तिला सांगितलं, ही दवाखान्याची डॉक्टरकी नाही, फिजिओथेरपीचं शिक्षण झाल्यावर त्याच्याही वरचं आहे, यात एकच प्रश्न धरायचा आणि छडा लागेपर्यंत सोडायचा नाही. आई म्हणाली, अख्ख्या अंगातला एक खांदाच? मग पायापर्यंत केव्हा पोचणार ती? (उत्तर तुझ्यावर सोपवलं. तुला सुचलं तर कळव.) मला मात्र तुझा प्रश्न पहिल्या दिवसापासून पटला. केळीचा घड उचलणारा माणूस चाळिशीच्या आत खांद्याने अधू होतो हे आपण लहानपणापासून बघतो, पण ते कोणी मोजायला येईल असं कधी वाटलं नव्हतं. सुरतेला साड्यांच्या गोदामात होतो, नरडाण्याच्या फॅक्टरीत होतो, धुळ्याला हायवेवरच्या ढाब्यावर होतो, माझा पाय कुठेच ठरला नाही, आणि तिथल्या कोणीही मला कधी विचारलं नाही की तुझा हात किती वर जातो.

तू सावद्याजवळच्या केळीच्या बागेत आलीस त्या दिवसाचा विषय आमच्या टोळीत अजून निघतो. कंपासपेटीतल्या कोनमापकाचा थोरला भाऊ शोभेल असं ते प्लास्टिकचं माप घेऊन तू एकेकाला हात वर करायला लावलंस, आणि आमच्या माणसांना वाटलं ही स्पर्धा आहे. उखर्डूने तर पायाच्या चवड्यावर उभं राहून हात उंच केला. मग तू समजावलंस की निम्म्यांना रबरी पट्टा आणि व्यायाम मिळणार, निम्म्यांना फक्त माहितीचा छापील कागद, आणि सहा महिन्यांनी परत मोजून दोन्हींची तुलना करणार. कोण कशात, हे ठरवायला तू चिठ्ठ्या केल्यास आणि स्टीलच्या डब्यात टाकून हलवल्यास.

अक्का, सगळं तिथेच बिघडलं. चूक तुझी नाही आणि आमचीही नाही, चूक त्या डब्याची आहे. आमच्या टोळीत दर महिन्याला भिशी निघते, ती अगदी तशाच डब्यातून. डब्यात चिठ्ठी पडली म्हणजे आज ना उद्या प्रत्येकाचा नंबर लागणार, हे आमच्या हाडात बसलेलं आहे. भिशीत कोणी कायमचा रिकामा राहिला असं कधी झालंय का? ज्या सहा जणांना पट्टे लागले त्यांना बाकीच्यांनी 'लागली रे तुमची' म्हणून टाळ्या दिल्या आणि कागदवाले सहा जण शहाण्यासारखे आपल्या पाळीची वाट बघत बसले. उखर्डू धरणगावकडचा, त्याला कागद मिळाला. त्याने तो उलटासुलटा बघितला आणि म्हणाला, "माले कागद काय करना शे? खांदाले बांधू का?" तू हसलीस. आम्हीही हसलो. पण तो हसला नव्हता.

इकडे आंध्रात अनंतपूरला निर्यातीच्या केळीच्या कामावर आलो आणि महिना भरला. पगाराच्या दिवशी भिशी काढली, पैशांची. ती झाल्यावर उखर्डूने डबा हातात धरूनच विचारलं, "अक्काना डबामा आमना नंबर कव्हय लागई?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी तुझा भाऊ. मी सांगायचा प्रयत्न केला की यात नंबर नसतो, कागदवाल्यांनी कागदवालेच राहायचं, त्यातच शास्त्र आहे. निंबाभाऊ माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी पंगतीत एका ओळीला वाढून दुसऱ्या ओळीसमोरून पातेलं परत नेलंय. (निंबाभाऊ स्वतः पट्टेवाले. तरी.) ते एवढंच म्हणाले, "आपली अक्का अशी नाही."  तुझी अब्रू वाचवायला मी त्याच दिवशी चिठ्ठ्या काढल्या आणि पहिलीच उखर्डूची निघाली. पट्टे मोजकेच, म्हणून माझा त्याला दिला. पुढच्या महिन्यात आणखी दोघे आले, पट्टेवाल्यांशी पट्टा वाटून घेत, आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत तुझा कागदाचा गट म्हणून फक्त कागदच उरला होता, तोही भाकऱ्यांच्या डब्यात खाली घातलेला.

आता रोज सकाळी कामावर जायच्या आधी केळीच्या पेट्या भरायच्या पॅकहाऊसच्या मागच्या भिंतीशी व्यायाम होतो. मी समोर उभा राहून आकडे म्हणतो, डाव्या हातात चहाचा ग्लास असतो, आणि कोणाचं कोपर वाकलं की ओरडतो. मला इथे 'मास्तर' म्हणतात. ज्याला शाळेने आठवीतच नको म्हटलं त्याला मास्तर म्हटल्यावर काय होतं हे तुला कळणार नाही. सकाळी लवकर उठतो, आंघोळ करून जातो. अक्का, मी कुठल्याही कामावर इतका टिकलेलो नाही.

मध्ये एक भानगड झाली. इथला सुपरवायझर तेलुगू माणूस, त्याने एका सकाळी पाहिलं की अकरा माणसं एकाच तालात हात वर करतायत आणि एकजण समोरून ओरडतोय. त्याला वाटलं संप. तो धावत मालकाकडे गेला, मालक आमच्यासाठी इडल्यांचं पातेलं घेऊनच आला आणि काय हवं ते बोला म्हणाला. आम्हाला तेलुगू येत नाही, त्याला मराठी येत नाही. झिपरूने हिंदीत सांगितलं, "कंधा, कंधा." मालकाला काय समजलं देव जाणे, पण दुसऱ्या दिवसापासून घड वाहताना खांद्यावर ठेवायच्या फोमच्या गाद्या नव्या मिळाल्या. तुझ्या पीएचडीचा हा पहिला निकाल समज. (पुस्तकात लिहिता येणार नसेल तर राहू दे.)

आणि गुण आला. हे मी भावाच्या मायेने सांगत नाही. उखर्डूला अंगातला सदरा काढताना शेजाऱ्याला हाक मारावी लागायची, तो आता एकटा काढतो, आणि आम्हाला दिसावं म्हणून दिवसातून दोनदा काढतो. काल म्हणाला, "मना खांदा आते बठ्ठा बरा शे," आणि हात फिरवताना खोलीतला बल्ब फोडला.

आम्ही सगळे इतके खूश असताना तुझा मागचा फोन आला. स्पीकरवर. तू म्हणालीस, परत मोजायला येतेय, मुदत एकदा वाढवून घेतलेली आहे, आता पुन्हा मिळणार नाही, तुमची टोळी वगळली तर माणसं कमी पडतात. आणि मग सहज बोलून गेलीस की दोन्ही गट सारखेच निघाले तर व्यायामाने काही फरक पडत नाही असं लिहावं लागेल. फोन बंद झाला. झिपरूने विचारलं, म्हणजे आपण सगळे बरे झालो म्हणून अक्का नापास?

त्यावर निंबाभाऊंनी निर्णय दिला. कागदवाल्या सहा जणांनी तुझ्यासमोर हात अर्ध्यावर आणायचा आणि कण्हायचं. अक्काने आपल्याला खांदा दिला, आपण तिला एक दिवसाचं कण्हणं देऊ शकत नाही का, असं ते म्हणाले, आणि सांगायला लाज वाटते, मला ते पटलं. जेवणानंतर तालीम चालू आहे. मी तू बनतो आणि पत्र्याची पट्टी लावून हात मोजतो. उखर्डू चुकीच्या हाताला कण्हतो. झिपरू मी हात लावायच्या आधीच कण्हतो. एकजण इतकं मनापासून कण्हला की शेजारच्या खोलीतल्या ओडिशाच्या पोरांनी बाम आणून दिला.

पण मी तालीम घेतो आणि रात्रभर कूस बदलतो. आमच्या कामात एक गोष्ट असते. पेटी भरताना चुकून एक पिकलेलं केळ आत गेलं, तर ते एकटं पिकून थांबत नाही, परदेशी पोचेपर्यंत बाकीची सगळी पेटी पिवळी करतं. ते केळ शोधून काढायला इथे माणूस ठेवलेला असतो. आमची सहा कण्हणी तुझ्या पुस्तकात गेली तर तशीच आत बसतील. पण उलटूनही विचार केला. व्यायामाने गुण येतो हे खरं आहे. आम्ही खरं वागलो तर तुझ्या पुस्तकात खोटं छापलं जाईल, आणि खोटं कण्हलो तर खरं छापलं जाईल. आता यात इमानदारी कोणती, हे आठवीपर्यंतच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मला एवढंच कळतं की तुझं पुस्तक वाचून पुढे कोणी दुसऱ्या बागेतल्या टोळीला काहीतरी सांगणार, आणि ती टोळी त्यावर विश्वास ठेवणार. त्यांना आमचं नाटक माहीत नसेल.

म्हणून हे सगळं जसं घडलं तसं कळवलं. कोणाला कोणत्या महिन्यात पट्टा लागला ते मला तोंडपाठ आहे, विचारशील तेव्हा सांगेन. आधी सहा, मग महिन्यामहिन्याने बाकीचे, यातून तुझ्या मार्गदर्शक मॅडमना काही वेगळं मोजता येत असेल तर विचार. नाही तर आमच्या टोळीवर काट मार, पण निंबाभाऊंना तसं सांगू नकोस. त्यांना सांग, कण्हायची गरज नाही, अक्काचा डबा भिशीचाच होता.

आईला फोन केलास तर मी मास्तर झालोय हे नक्की सांग.

तुझा,
नवीन

ता. क. येताना भरताची वांगी आण. इथली वांगी भाजली की नुसतं पाणी होतं. निंबाभाऊ म्हणतात, अक्काला ओझं होईल तर दोनच आण, पण ते तोंडदेखलं आहे.

ता. क. दुसरा. पत्र बंद केलं होतं, परत उघडलं. तुझ्या यादीतल्या आमच्या बारा जणांत खरोखर व्यायाम न केलेला एक माणूस आहे, आणि त्याला चिठ्ठी व्यायामाचीच निघाली होती. पट्टा देऊन टाकला, आणि आकडे म्हणताना आपण स्वतः हात हलवत नाही हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. उजवा हात आता कानाच्या वर जात नाही. घड डाव्या खांद्यावर घेतो, ते अजून कोणाच्या ध्यानात आलेलं नाही. हे पत्रही वही मांडीवर घेऊन लिहिलंय. तुझी तुलना करायला मी एकटा पुरेन का, माहीत नाही. पण आलीस की मला सगळ्यांच्या आधी, भिंतीमागे नेऊन मोज, आणि मोजायचं झालं की थोडा वेळ पीएचडी बाजूला ठेवून नुसती बहीण म्हणून बघ. आईला यातलं काही सांगू नकोस. मास्तरचं तेवढं सांग.

त्या दिवशी तुझ्या सांगण्यावरून बाकी सगळे गप्प राहतील. तरीही एकजण कण्हला, तर ते तालमीतलं नाही, एवढं ओळख.