खंडेनवमीनंतरची मापं

घाटकोपर,
१८ नोव्हेंबर १९५६

प्रिय विद्याधर,

आपलं मार्गशीर्षातलं लग्न फाल्गुनात करायचं, असं मी ठरवलंय. विचारत नाहीये, सांगतेय. तुझं नाक लाल झालं असेल. होऊ दे, पण पत्र पुरतं वाच.

आमच्या अंधेरीच्या प्रयोगशाळेतलं यंत्र तू पाहिलंयस. त्यातून प्रोटॉन किती जोरात निघतात ते मीटरचा काटा सांगतो, पण नुसत्या काट्यावर विसंबून चालत नाही. म्हणून ते अधूनमधून फ्लोरिनच्या थरावर सोडायचे. एका ठरलेल्या ऊर्जेलाच गॅमा किरण एकदम उसळतात, आणि ती ऊर्जा साऱ्या जगात एकच. गेल्या आठवड्यात ते उसळले तेव्हा काटा बराच पुढे होता. सर म्हणाले, थर खराब झाला असेल. मी नवा लावला, तरी तेच. मग यंत्र बंद करून व्होल्टेज मोजणाऱ्या खांबामागे अंग चोरून शिरले. तिथे एक वाळलेला ओघळ होता. दमट हवेत त्यातून वीज झिरपत होती. स्पिरिटने पुसला, तसा काटा मुकाट्याने जागेवर आला.

सर म्हणतात, जुन्या आकड्यांतून तेवढा फरक वजा कर आणि निबंध पाठवून दे. कसा करू? गळती रोजच्या हवेप्रमाणे बदलत होती. खंडेनवमीपासूनची सगळी मापं पुन्हा घ्यायला हवीत, आणि यंत्र मला मिळतंय ते डिसेंबर-जानेवारीत. माझं नाव पहिल्यांदाच छापून येणार आहे रे, ते खोट्या आकड्यांवर नको. तुझी आठवण येते, फार येते. तरीही मी मागे हटणार नाही.

आता जे फक्त तुलाच सांगायचंय ते. तो ओघळ हळदकुंकवाचा होता. खंडेनवमीची पूजा आम्ही मुद्दाम बाजूच्या टेबलावर मांडली होती. पण तुझ्या आई आल्या होत्या ना? ‘माझ्या सुनेचं यंत्र’ म्हणत सगळीकडे फिरल्या, करंज्या वाटल्या, आणि आम्ही खाण्यात गुंतलो असताना खांबाला ओली बोटं लावून गेल्या. माझ्या कामाला इतक्या मायेने आजवर कुणी हात लावला नव्हता. त्यांना हे कधीही कळता कामा नये. सूनच हट्टी निघाली म्हणून सांग. चार दिवस बोलतील, बोलू देत. पुढच्या खंडेनवमीला त्यांनी पुन्हा यावं, करंज्या घेऊन. कुंकवाची बोटं तेवढी माझ्याच कपाळाला लागतील, हे मी बघेन.

तुझीच, आणि हट्टीच,
उत्तरा