माझ्या तीन रांगांत युरिया

बाबा,
नुसरतकाकांच्या मेंढवाड्यावरून लेंडीखत आणायला जातेय. समोवारात चहा आहे.

माझ्या तीन रांगांना लेंडीखत आणि निम्माच युरिया, असं ठरलं होतं ना? तरी काल तुम्ही तिथे अख्खं पोतं ओतलंत! वर म्हणता, "झाडं उपाशी राहिली असती, पोरी." उपाशी? गेल्या हंगामात तुमची डाळिंबं झाडावरच तडकली आणि ओळखायला मी लाल दोरा बांधलेली माझी टपोरी, गोड निघाली. तेव्हा म्हणालात, "तिथली मातीच चांगली." आता किती समजावू?

मी येईपर्यंत बागेत काही टाकू नका. यंदा सगळ्याच झाडांना लेंडीखत पडेल.

आणि नौरोजच्या पाहुण्यांसाठी तुम्ही तळघरात पेंढ्यात जपलेली डाळिंबं पाहिली. प्रत्येकाच्या देठाला मी बांधलेला लाल दोरा आहे.

माहरुख