मॅम टॉरच्या अलीकडे

चेस्टरफील्ड,
२ मे १९९६

चि. जूडिथ हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

घराचा सौदा पक्का झाला. जूनअखेर किल्ल्या द्यायच्या आहेत. तुझ्या गल्लीतला तो छोटा फ्लॅट मला पसंत आहे, फक्त स्वयंपाकघराला पिवळा रंग देऊ नकोस. पिवळ्या भिंतींत मला कावीळ झाल्यासारखं वाटतं.

आता मुख्य गोष्ट. तुझे बाबा अजून कपाटात आहेत, टोप्यांच्या खणात. ऑक्टोबरात अंत्यविधीवाल्याने तो हिरवा डबा हातात दिला तेव्हा वसंतात बघू म्हणाले होते. आता वसंतही सरत आला. सामान बांधणाऱ्यांच्या हाती मी विल्फ्रेडला देणार नाही. एक जूनला शनिवार आहे. आपण दर वर्षी जूनच्या पहिल्या शनिवारी सहलीला जात असू, त्याच दिवशी त्याची राख कुठेतरी नीट सोडावी असं म्हणते. आणि जी जागा त्याची, तीच पुढे माझी. हे मी वकिलाकडे लिहूनही ठेवलंय, तेव्हा जागा विचार करून निवडायला हवी.

तू आणि ॲलेक मला काही छान जागा सुचवा. लवकरच्या उन्हाळ्यात दिवसभर जाऊन येता येईल अशी कुठलीही, गाव किंवा रान. फार चढ नको, वारा नको. झाडोरा असला तर बरं.

गुडघा बरा आहे. मांजर शेजारच्या मिसेस ऑलरेनशॉनी ठेवून घ्यायचं कबूल केलंय, पण मांजराने अजून केलेलं नाही.

पत्राची वाट पाहते. माया अशीच असू दे.
तुझी,
आई


बाथ,
७ मे १९९६

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. जागा सुचवायच्या म्हणजे काय? बाबांची जागा ठरलेलीच नाही का? अडतीस वर्षं न चुकता तुम्ही मॅम टॉर डोंगराच्या माथ्यावर गेलात. पावसात गेलात, धुक्यात गेलात, मला गोवर निघालेला असताना मला मेव्हिस आत्याकडे टाकून गेलात. मला वाटलं होतं, तू फक्त किती वाजता निघायचं ते कळवशील.

पण तू म्हणतेस तर सुचवते. इथून जवळ वेल्सला बिशपच्या वाड्याभोवती खंदक आहे, तिथले हंस भूक लागली की दोरी ओढून घंटा वाजवतात. बाबांना यंत्र आणि खोडी दोन्ही आवडायचं. तळ्याकाठी देवळं बांधलेली एक मोठी बाग आहे, जूनमध्ये तिथे फुलांचा नुसता कहर असतो. ऑक्सफर्डला नदीत होडी घेता येईल. आणि शहर हवं असेल तर इथेच ये, चंद्रकोरीसारख्या घरांच्या ओळीपुढे हिरवळीवर बसून आपण जेवू.

तुला सहलीला जायचंय की बाबांना पोचवायचंय, एवढं मात्र नीट सांग. माझा गोंधळ झालाय.

भिंती पांढऱ्याच ठेवीन. काळजी घे, आणि रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझी,
जूडिथ


यॉर्क,
९ मे १९९६

ती. आईस,
ॲलेकचा नमस्कार. वि. वि.

ताईचा फोन आला होता. ती म्हणते आईला मॅम टॉर नकोय. मी म्हटलं असं होणंच शक्य नाही, आई लिहिताना घाईत असेल. तरी तू विचारलंस म्हणून लिहितो. यॉर्कच्या तटबंदीवरून फेरी मारता येते, चढ फक्त सुरुवातीच्या पायऱ्यांचा. नदीत बोट आहे. पठारावरून वाफेची आगगाडी जाते, खिडकीतून बाबांना सोडता येईल, पण मागच्या डब्यातल्या लोकांचा विचार करावा लागेल. निळ्या फुलांचं रान म्हणशील तर ती फुलं तोवर संपतील.

खरं सांगू का, मला मॅम टॉरचा माथा फारसा आठवतच नाही. आठवतं ते वाटेत, हॅदरसेज गावाच्या अलीकडे, रस्त्याकडेला गाडी लावून आपण चहा प्यायचो ते. दगडी टाकं, मेंढ्यांचं फाटक, पांढऱ्या फुलांचं कुंपण. तुम्ही दोघं पुढे बसून इतका वेळ काढायचात की मी आणि ताई मागे भांडून भांडून दमायचो.

गाडी मी आणीन. कुठे आणायची तेवढं कळव. आशीर्वाद असू द्यावा.
तुझा,
ॲलेक


चेस्टरफील्ड,
१३ मे १९९६

चि. जूडिथ हिस,
आशीर्वाद. वि. वि.

तुमच्या दोघांच्या याद्या जेवणाच्या टेबलावर मांडून बसले आणि डोकं पार भणाणून गेलं. हंस नकोत. मॅटलॉकच्या नदीवर एका हंसाने विल्फ्रेडच्या पोटरीला चावा घेतला होता, तो त्याने मरेपर्यंत विसरला नाही. बागेत तिकीट काढून आत जायचं आणि नवऱ्याला तिथे ठेवून बाहेर यायचं, हे मला पटत नाही. पुढे मला त्याला भेटायचं तर दर वेळी तिकीट. होडीत मला मळमळतं. तटबंदीवर पर्यटक असतात, त्यांच्या आइस्क्रीमवर राख उडाली तर काय तोंड दाखवायचं?

मॅम टॉर आहेच. मी नाही कुठे म्हटलं? मी फक्त आणखी काही सुचतंय का ते विचारलं.

मिसेस ऑलरेनशॉ म्हणतात, समुद्रावर जा. समुद्रावरही वारा असतोच ना?

उत्तर लवकर दे. मनात आठवण ठेव.
आई


बाथ,
१६ मे १९९६

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आई, मी छत्तीस वर्षांची आहे आणि शाळेत तीस पोरं सांभाळते. कोणी काहीतरी दडवतंय हे मला लांबून कळतं. तू दोनदा वाऱ्याचं लिहिलंस, एकदा चढाचं. तुझं आणि बाबांचं काही बिनसलं होतं का? बाबांशेजारी तुला राहायचं नाहीये का? तसं असेल तरी सांग. मी रागावणार नाही, पण न सांगता एक जून उजाडला तर आपण तिघं डबा घेऊन रस्त्यावर उभे राहू आणि कुणालाच कळणार नाही डावीकडे वळायचं की उजवीकडे.

जे असेल ते लिही. मी तुझीच आहे.
जूडिथ


चेस्टरफील्ड,
२० मे १९९६

चि. जूडिथ हिस,
आशीर्वाद. वि. वि.

बिनसलं काहीच नव्हतं. त्याच्या शेजारी नाही तर मी कुठे जाणार?

गोष्ट अशी आहे की मला तो डोंगर अजिबात आवडत नाही. पहिल्या दिवसापासून नाही. आमचं लग्न होऊन जेमतेम दोन महिने झाले होते, विल्फ्रेड मला मोठ्या कौतुकाने वर घेऊन गेला. वाऱ्याने माझी टोपी खालच्या दरीत गेली आणि दात वाजायला लागले. त्याने विचारलं, कसं वाटतंय. मी म्हटलं, फार छान. नव्या नवरीने दुसरं काय म्हणायचं? झालं. पुढच्या जूनमध्ये त्याने न विचारताच सँडविच बांधायला सांगितलं.

वर पोचलं की तो बोलायचा नाही. माझं कोपर घट्ट धरून बुटांकडे बघत उभा राहायचा. मला वाटे, माणूस आतल्या आत देवाचं नाव घेतोय. ते कोपर धरणं मला इतकं आवडायचं की त्यापायी मी वारा सोसला. पण ते दिवसभराचं होतं. आता त्याला तिथे ठेवलं की मलाही कायमचं त्या वाऱ्यात पडून राहावं लागणार. आणि नाही ठेवलं तर ज्याने आयुष्यात माझ्याकडे दुसरा कसलाच हट्ट केला नाही, त्याचा एवढा एक हट्टही मी मोडला असं होईल. रोज सकाळी कपाट उघडते आणि पुन्हा लावते.

हे ॲलेकला सांगू नकोस. हसेल.
आई


स्कारबरो,
२४ मे १९९६

प्रिय हिल्डा,
स. न. वि. वि.

जूडिथने तुझं पत्र मला पाठवलं. तिच्यावर चिडू नकोस, पोर रडकुंडीला आली होती. चिडायचं तर माझ्यावर चीड, पण आधी खुर्चीत नीट बस.

विल्फला उंचीची भीती होती. आठ वर्षांचा असताना मामाच्या गोठ्यात गवताच्या माळ्यावरून तो खाली पडला, तेव्हापासून. आमच्या घरात दिव्याचा बल्ब बदलायलासुद्धा मी स्टुलावर चढायची. मॅम टॉरवर तो बुटांकडे बघायचा, कारण दुसरीकडे बघितलं तर त्याला गरगरायचं. दर मे महिन्यात माझ्याकडे येऊन म्हणायचा की आता तो डोंगर पुन्हा आला. मी म्हणायची, अरे, सांग ना हिल्डाला. तो म्हणायचा, वर्षातला एक दिवस तिला आवडतं तिथे नेतो, तेवढंही नको करू का? आणि मला शपथ घालायचा. तो गेल्यावरही ती मोडावी की नाही ते मला कळेना, म्हणून गप्प राहिले.

आता माझा गुन्हा. तू पहिल्यांदा आमच्या घरी चहाला आलीस, तेव्हा दिवाणखान्यात डोंगराचं ते भलंमोठं भयाण चित्र होतं. तू त्याची इतकी स्तुती केलीस की मीच विल्फला सांगितलं, ह्या मुलीला डोंगरांचं वेड आहे. तुला खरंच होतं का गं?

कंबरेमुळे मला येववत नाही. जे ठरेल ते कळव, आणि जमलं तर माफ कर.
तुझी,
मेव्हिस


चेस्टरफील्ड,
२७ मे १९९६

चि. जूडिथ व चि. ॲलेक यांस,
दोघांना मिळून आशीर्वाद. वि. वि.

मेव्हिसचं पत्र तुम्हाला ठाऊक असेलच, या कुटुंबात एकदा गुपित फुटलं की टपालखात्याला उसंत नसते. त्या चित्राचं म्हणाल तर तुमची आजी समोर बसली होती, केक कोरडा होता, आणि स्तुती करण्याजोगं त्या खोलीत दुसरं काही दिसेना.

दोन दिवस मी कपाटाशी बोलले नाही. मग बोलले, ते बरंच बोलले. अरे माणसा, एकदा तोंड उघडून सांगायला काय झालं होतं? आणि मी तरी कुठे उघडलं? वाईट वाटलं ते कोपराचं. मी ज्याला माया समजले तो गरगरणाऱ्या माणसाचा आधार होता. हे मनातून जाईना. काल चहा ओतताना वाटलं, गरगरल्यावर तो कठड्याला धरू शकला असता. तिथे कठडा आहे. त्याने दर वेळी माझंच कोपर धरलं.

आता जागेचं. ॲलेक, तुझं पत्र पुन्हा काढलं. चहाला पहिल्या वर्षी आम्ही दहा मिनिटं थांबलो असू. गेल्या जूनमध्ये पावणेदोन तास. दोन अंडी जास्त उकडून नेली होती त्याने. तो म्हणाला आणखी एक कप घेऊ, मी म्हटलं घेऊ, मग मी म्हटलं पाऊस थांबू दे, तो म्हणाला थांबू दे. पाऊस नव्हताच. वर जायचं दोघांच्याही जिवावर आलेलं, आणि दोघंही समोरच्याला कळू नये म्हणून चहा पीत बसलेलो. हसायचो किती त्या गाडीत.

तेव्हा त्याच जागी. शनिवारी दहाला निघू. तपकिरी थर्मास मी घेते. प्रेमाने या.
तुमची,
आई


चेस्टरफील्ड,
२ जून १९९६

प्रिय मेव्हिस,
स. न. वि. वि.

माफ केलं. नसतं केलं, पण मग पत्र कुणाला लिहिणार?

हॅदरसेजच्या अलीकडे आम्ही साडेअकराला पोचलो. कुंपण पांढऱ्या फुलांनी भरलं होतं. फाटकामागचं कुरण ज्या बाईंचं आहे त्यांना ॲलेकने आधीच विचारलं होतं. त्या रबरी बूट घालून आल्या, डब्याकडे बघितलं आणि म्हणाल्या की मेंढ्यांची हरकत नसेल तर त्यांचीही नाही. मी सांगून टाकलं की पुढेमागे मीही येणार आहे. त्यांनी लगेच कुंपणालगतची खाजरी झुडपं काढून ठेवते म्हणून सांगितलं. सभ्य बाई.

आधी चहा झाला. पोरं सवयीने मागे बसली आणि पाच मिनिटांत सँडविचवरून भांडली. मग कुंपणाच्या बुडाशी, टाक्यापासून चार पावलांवर, विल्फला सोडलं. वारा अजिबात नव्हता. तो जिथे ठेवला तिथेच राहिला. मी रडले, आणि जूडिथने माझं कोपर धरलं, तेव्हा जास्तच रडले.

डबा धुऊन गाडीत ठेवताना ॲलेकने हळूच विचारलं की इतक्या जवळ आलोच आहोत, दिवसही स्वच्छ आहे, तर बाबांच्या आठवणीसाठी एकदा वर जाऊन यायचं का. जूडिथ लगेच म्हणाली की आईला हवं असेल तर तिला चालेल. ॲलेक म्हणाला की ताईला हवं असेल तर त्यालाही. दोघांची तोंडं बघितली आणि मला त्यांचा बापच दिसला. मी म्हटलं, नको.

एवढंच म्हटलं. पोरांनी सुटल्यासारखा श्वास टाकला. मी वळून कुंपणाकडे बघितलं आणि विल्फ्रेडला म्हटलं, बघ, इतकं सोपं होतं.

कंबरेला जप. ते चित्र अजून तुझ्याकडे असेल तर विकून टाक, आणि माझ्यावरचा जीव मात्र कमी करू नकोस.
तुझी,
हिल्डा