चिमा चोगले मासेमारी करतानाच मेली, अशी नोंद होण्याबाबत

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय अधिकारी साहेब,
रत्नागिरी.

अर्जदार : श्रीमती गोदा काशिनाथ चोगले, धंदा मासेविक्री व मासेमारी, रा. उंबरबंदर, केळशीजवळ, ता. दापोली.

दिनांक : ११ ऑक्टोबर २००४

विषय : कै. चिमा चोगले हिला मच्छीमार धरून तिच्या मृत्यूची फेरचौकशी करणे व होडी अर्जदाराच्या नावे लावणेबाबत.

संदर्भ : पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात उंबरबंदर धक्क्यावर बायकांना झालेली मारहाण.

महोदय,

सविनय सादर की, अर्जदार गोदा लग्न होऊन आल्यापासून याच धक्क्यावर मासे विकते. तिचे पती काशिनाथ गेल्या वर्षी वादळात गेले. मागे राहिली त्यांची वल्ह्याची होडी आणि त्यांची बहीण चिमा. नवऱ्याने टाकल्यावर चिमा भावाकडे आली ती कायमची. नणंद-भावजय एका चुलीवर जेवत आणि मासळीची एकच पाटी आळीपाळीने डोक्यावर घेत.

यंदा जुलैत, बंदी चालू असता, गावच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन श्री. धर्मा तांडेल यांचा ट्रॉलर भर पावसात मासळी घेऊन धक्क्याला लागला. टोपल्यांतले मासे गाबोळीने फुगलेले होते. पोटात अंडी असलेली मासळी उपसली तर पुढल्या वर्षी विकायला काही उरत नाही, हे बायकांना कळते. गोदा, चिमा, शेजारची मालन व इतर जणी टोपल्यांना वेढा घालून खाली बसल्या. एकीनेही पाटी उचलली नाही.

तांडेल म्हणाले, "बायकांनी पाटी उचलायची. दर्याचा बोलायचा नाय."

गोदा म्हणाली, "दर्या रिकामा झाला तर पाटीत काय घालू? तुझा डोचका?"

यावर तांडेल यांनी वल्हे उचलून तिच्या तोंडावर हाणले. पुढचे दात जागीच पडले. मालनच्या कानातली बुगडी कानाच्या वरच्या कडेसकट ओढून काढण्यात आली. चिमाला केस धरून धक्क्यावरून फरफटवले. दगडांना चिकटलेल्या कालवांच्या धारेने तिची पाठ सोलून निघाली. गावातले पुरुष तिथेच जाळी सांधत बसले होते. त्यांतला एकही उठला नाही.

आपल्या कचेरीतून चौकशीला साहेब आले तेव्हा बायकांना सोसायटीच्या दाराबाहेर अडवले. आत चेअरमननी सांगितले की, हे बायकांचे आपसातले भांडण होते. आणि दर्यात जातो तोच मच्छीमार, सबब मासेमारीबद्दल बायकांनी तक्रार करण्याचा प्रश्नच येत नाही. हे शब्द खिडकीतून गोदाने स्वतः ऐकले.

घरी चिमा पालथी पडून होती आणि गोदा तिच्या पाठीला हळद लावत होती. चिमा म्हणाली, "वयनी, दर्यात जातो तो मच्छीमार ना? मग आपण जाऊया." गोदाला हसू आले, पण सुजलेल्या तोंडाने हसता येईना.

नारळी पौर्णिमा झाल्यावर दोघींनी होडी लोटली. बायकांच्या पायाने होडी बाटली म्हणून धक्क्यावरून शिव्या आल्या, चपला आल्या. पण बांगडा लागला. ओल्या जाळ्यातले बांगडे सोडवताना चिमा गाणे म्हणत होती. लग्नातसुद्धा आपल्याला एवढे बरे वाटले नव्हते, असे तिने बोलून दाखवले.

सप्टेंबरात एके सकाळी, लहान होड्यांसाठी राखलेल्या उथळ पाण्यात दोघी जाळे ओढत असता तांडेल यांचा ट्रॉलर सरळ अंगावर आला. तो चुकून येत आहे असे वाटून चिमा उभी राहून हात करीत होती. ट्रॉलरने होडीची कड फोडली. दोघी पाण्यात पडल्या. चिमा खाली ओढली गेली, ट्रॉलरच्या बुडाखालच्या पंख्याची घरघर मध्येच जड झाली आणि पाणी लाल झाले. ती वर आली तेव्हा कमरेखाली काही राहिले नव्हते. गोदाने तिची वेणी धरून ठेवली. तेवढ्यात तांडेल ट्रॉलरच्या कडेवरून वाकले आणि गोदाचे डोके पाण्यात दाबू लागले. तिच्या कमरेला जाळे कापायची कोयती होती. ती तिने चालवली. तांडेल यांच्या उजव्या हाताची तीन बोटे तुटली. त्यांचाच खलाशी शिवा याने इंजिन बंद केले, पाण्यात उडी टाकली आणि गोदाला व चिमाला काठावर आणले.

बोटे अर्जदाराने कापली हे खरे आहे. त्याबद्दल ती कोठडीत राहून जामिनावर सुटली आहे आणि कोर्ट देईल ती शिक्षा भोगणार आहे. परंतु तांडेल यांच्या जबानीवरून चिमा "होडीतून फेरफटका मारताना अपघाताने" मेली असे कागदोपत्री लागले आहे. ते अर्जदारास मान्य नाही. फेरफटका मारणाऱ्या बाईच्या मुठीत जाळ्याचा दोर नसतो. चिमाची मूठ उघडेना, म्हणून दोर बाहेरून कापून मुठीतल्या तुकड्यासकट तिला जाळावे लागले. शिवाने खरे सांगितले म्हणून त्याचे कामही गेले. तो सध्या पालीला बहिणीकडे आहे, बोलावल्यास येईल.

तरी विनंती की, चिमाची नोंद मासेमारी करताना मृत अशी व्हावी, तांडेल यांच्या ट्रॉलरचा परवाना रद्द व्हावा, आणि काशिनाथ यांची होडी गोदाच्या नावे व्हावी. फेरचौकशी सोसायटीच्या कार्यालयात न घेता धक्क्यावर, बायकांसमक्ष घ्यावी.

चिमा गेली त्या दिवसापासून उंबरबंदरची एकही बाई तांडेल यांच्या टोपलीला हात लावत नाही. त्यांची मासळी धक्क्यावरच सडते आणि तिचा वास चेअरमनच्या ओटीपर्यंत जातो. होडीची कड गोदाने सांधून घेतली आहे. मालन सुकाणू धरते, गोदा जाळे टाकते. आपला निर्णय येईपर्यंत होडी पाण्यात राहील. पुन्हा कोणी तिच्यावर ट्रॉलर घातल्यास अर्जदार या वेळी बोटांवर थांबणार नाही, हे आपल्या माहितीसाठी आदरपूर्वक कळवण्यात येत आहे.

आपल्या येण्याकडे डोळे लावून बसलेली,

गोदा काशिनाथ चोगले
मच्छीमार, उंबरबंदर